काळ्या रेशमाचे दोन दोरे

डॉक्टरांच्या कार्यशाळेत शस्त्रक्रिया थेट पडद्यावर दाखवतात, तेव्हा सभागृहातल्या माईकपाशी सूचना द्यायला कोणी बसावं, हे ठरवायचा मान शस्त्रक्रिया करणाऱ्याचा असतो. सर्जनने मोठ्या सरांचं नाव सुचवलं तेव्हा संयोजकाला तो तिचा मोठेपणा वाटला. पंधराएक वर्षांपूर्वी याच सरांनी तिला विभागातून घालवलं होतं, हे त्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक होतं. कार्यशाळेच्याच दिवशी सरांचा सत्कारही होता; त्या दिवशी तिने त्यांनाच मान द्यावा, म्हणजे जुनं सगळं मिटलं, असा अर्थ संयोजकाने काढला आणि फोनवर तसं बोलूनही दाखवलं.

"मन मोठं लागतं हो याला," तो म्हणाला.

"लागतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिचा नवरा पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुझं मन मोठं? माझ्या बहिणीने लग्नात तुला पाणी विचारलं नाही, ते तू अजून धरून बसलीयेस."

"तुझ्या बहिणीचं वेगळं आहे."

"ते कसं?"

"तिला मी माफ करू शकते. करायचं नाही म्हणून करत नाही."

नवऱ्याने मोज्यांची जोडी जुळवली. "आणि त्यांना?"

"त्यांना मला काहीतरी दाखवायचंय. सगळ्यांच्या देखत."

काय दाखवायचं, हे त्याने विचारलं नाही. लग्न ठरण्याच्या आधीपासून तो ती गोष्ट ऐकत आला होता.

गोष्ट अशी होती. ती मोठ्या सरांच्या हाताखाली शिकत असताना एक बस चालवणारी बाई पोटात कळा येतात म्हणून दाखल झाली. मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी जी बारीक नळी असते, त्या डाव्या नळीत खाली, जांघेच्या बाजूला, खडा अडकला होता. सरांनी पोट उघडून खडा काढला. काढता काढता रक्त यायला लागलं. सरांनी खोल हात घातला, अंदाजाने गाठ मारली, रक्त थांबलं. त्या गाठीत रक्तवाहिनीबरोबर नळीही आवळली गेली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या काही दिवसांत बाईला हुडहुडी भरून ताप आला, पाठ धरली. नातेवाइकांनी तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या सर्जनने गाठीच्या वरच नळी कापली आणि तिचं टोक मूत्राशयात नव्याने बसवलं. गाठ आणि तिच्या खालचा नळीचा तुकडा त्याने तसाच सोडला, कारण सगळा भाग चिकटून एकजीव झाला होता आणि त्याखाली पायाकडून येणारी मोठी शीर होती. बाईचं मूत्रपिंड वाचलं. गाठ मात्र कोणी डोळ्यांनी पाहिली नाही.

चौकशी झाली. सरांनी सांगितलं, की खडा काढून ते शेजारच्या थिएटरमध्ये गेले, रक्त थांबवणं आणि पोट बंद करणं या मुलीवर सोपवलं होतं. तिने कुठे काय बांधलं ते त्यांनी पाहिलेलंही नाही. हत्यारं हातात देणाऱ्या सिस्टरला काही आठवत नव्हतं. भूल देणारा डॉक्टर पडद्याच्या पलीकडे होता. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत आत काय चाललंय ते फक्त वाकलेल्या माणसाला दिसतं. बाकीच्यांना त्याची पाठ दिसते.

मुलगी एकच सांगत राहिली: गाठ बघा. मोठे सर काळं रेशीम दुहेरी घेत, दोन पदर एकत्र. शिकणाऱ्यांना ते सक्त मना होतं. "एक पदर सांभाळा आधी," असं म्हणून ते बोटांवर चिमटा हाणत. दुहेरी दोरा सिस्टर फक्त त्यांच्याच तळहातावर ठेवी. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'दोनदोरे' म्हणत. आणि रेशीम शरीरात वर्षानुवर्षं तसंच राहतं. गाठ दुहेरी निघाली तर ती कोणाची, हे सांगायला साक्षीदार लागणार नव्हता.

तेव्हा सरांनी चौकशीच्या टेबलावर चष्मा काढून ठेवला होता आणि शांतपणे विचारलं होतं, "हिची जागा वाचावी म्हणून त्या बाईचं पोट तिसऱ्यांदा उघडायचं का?"

याला 'नाही' हेच उत्तर होतं. तिचंही तेच. तिला घरी पाठवण्यात आलं, आणि ते वाक्य तिच्या बरोबर गेलं.

ती दूरच्या एका शहरात लहान रुग्णालयात लागली. तिथे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पोटात गॅस भरून ते फुगवायचं, बेंबीपाशी छोट्या छिद्रातून कॅमेरा आत सोडायचा, बाजूच्या छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारं घालायची आणि पडद्यावर बघत काम करायचं. तिला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं, तर पडदा. खोलीतला फरशी पुसणाराही आत काय चाललंय ते बघू शकत होता. कोणी कोणाच्या पाठीआड काही करू शकत नव्हतं. तिचं नाव झालं ते नळ्या जोडण्यात. तिच्या थिएटरमध्ये काळं रेशीम ठेवायचं नाही असा नियम होता. कारण नव्या लोकांना सांगितलं जात नसे, पण ते दुसऱ्याच दिवशी कुठून तरी समजून येत.

मग, संयोजकाच्या त्या फोनच्या थोडेच दिवस आधी, एका सकाळी तपासणीच्या खोलीत ती बस चालवणारी बाईच येऊन बसली. आता तिचे केस पिकले होते, पण खांदे तसेच होते, स्टिअरिंग ओढून रुंद झालेले. बरोबर नणंद होती.

"ओळखलंस?" बसवालीने विचारलं. "नाही म्हणू नकोस. तुझ्या थोबाडीत मारली होती मी, दवाखान्याच्या जिन्यात."

"ओळखलं, ताई."

"ते जुनं जोडलेलं पुन्हा आवळत आलंय म्हणे. आत नळी घालून ठेवलीये, दर थोड्या दिवसांनी बदलायची. बस चालवताना दर वळणाला टोचते. सगळे म्हणतात, या कामात तूच. मी म्हटलं, वा! बिघडवलं हिनेच, नीट पण हिनेच करायचं. गॅरेजवाले असेच पोट भरतात."

"वहिनी!" नणंद म्हणाली.

"अगं, खोटं काय त्यात?"

सर्जनने चित्रं पडद्यावर लावली. मूत्राशयाशी जोडलेल्या जागी नळी अरुंद झाली होती आणि वरचं मूत्रपिंड फुगलं होतं. अरुंद भाग काढून नळी पुन्हा जोडावी लागणार होती. खाली, मोठ्या शिरेपाशी, जुन्या व्रणाचा एक गोळा दिसत होता. रेशीम अशा चित्रात दिसत नाही. ती तरीही त्या जागेकडे बघत राहिली.

"ती गाठ मी बांधली नव्हती, ताई," ती म्हणाली.

"असं तर प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. धक्का मागच्याने दिला."

"मागच्याचं काम आता मला दाखवता येईल. तुमचं ऑपरेशन कार्यशाळेत करायचं का? म्हणजे मोठ्या सभागृहात ते पडद्यावर दिसेल. चेहरा दिसणार नाही, नाव कळणार नाही. नाही म्हणालात तरी मी इथे, याच खोलीत, तितक्याच काळजीने करेन."

बसवालीने तिच्याकडे नीट बघितलं. बस चालवणाऱ्यांना आरशात बघून माणसाचा हेतू ओळखायची सवय असते.

"तो म्हातारा असणार तिथे."

"असणार."

"दाखव दुनियेला, माझं काय जातंय. पोट आतून सगळ्यांचं सारखंच. पण एक ऐक. तुमचं काय भांडण असेल ते माझ्या पोटाबाहेर ठेवायचं. मला बस चालवायचीये अजून."

"कबूल," सर्जन म्हणाली. तेव्हा तिला ते सोपं वाटलं होतं. जोडणी करताना आसपासचा भाग मोकळा करावाच लागतो. गाठ वाटेतच कुठेतरी सापडेल, असा तिचा हिशेब होता.

कार्यशाळेच्या सकाळी थिएटरमध्ये नेहमीपेक्षा दोन माणसं जास्त होती: एक छतावरचा कॅमेरा बघणारा आणि एक आवाजाच्या यंत्रापाशी. सर्जनच्या मास्कखाली छोटा माईक लावला होता. भिंतीवरच्या स्पीकरमधून सभागृह ऐकू येत होतं, खुर्च्यांची सरकासरक, खोकणं.

भूलतज्ज्ञ तिचा जुना सहकारी होता, निवृत्तीला आलेला. त्याने बसवालीला झोपवलं, नळी बसवली, यंत्रावरचे आकडे बघितले आणि हळूच विचारलं, "माईक चालू आहे का?"

"अजून नाही."

"मग सांगतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तुझा तर सुंभही जळला नाहीये. आज सांभाळून."

"मी काय करणार आहे?"

"ते तुलाच ठाऊक. मला फक्त हिचं ब्लडप्रेशर ठाऊक."

माईकचा दिवा लाल झाला. स्पीकरमधून मोठ्या सरांचा आवाज आला, खर्जातला, घाई नसलेला. इतक्या वर्षांत तो जराही म्हातारा झाला नव्हता.

"नमस्कार. आज माझीच विद्यार्थिनी काम करतेय. आमच्या वेळी पोट उघडायचो, हात आत जायचा, काय आहे ते बोटांना कळायचं. ही मंडळी काठ्यांनी शिवतात. बघू या, काठ्यांना काय कळतं ते."

सभागृह हसलं.

"नमस्कार, सर," सर्जन म्हणाली. "काठ्यांना कळत नाही, म्हणून सगळ्यांनी बघायची सोय केलीये."

सभागृह पुन्हा हसलं, थोडं कमी.

काम सुरू झालं. बेंबीपाशी पहिलं छिद्र, मग गॅस, मग कॅमेरा. कॅमेरा धरणारी डॉक्टर बरीच वर्षं सर्जनबरोबर होती. सर्जनची मान वळण्याआधी चित्र वळत असे. जुन्या दोन शस्त्रक्रियांमुळे आतडी पोटाच्या भिंतीला कोळिष्टकासारख्या पडद्यांनी चिकटली होती. सर्जनने ती एकेक करून सोडवली. सर बोलत होतेच. त्यांना शस्त्रक्रिया बघायची आणि गप्प बसायचं, हे दोन्ही एका वेळी कधीच जमलेलं नव्हतं. चिमटा कुठे धर, ओढ कमी कर, ते आतडं आधी बाजूला घे. बहुतेक सूचना बरोबर होत्या. तिने त्या पाळल्या आणि प्रत्येक वेळी "हो, सर" म्हटलं. तिच्या शेजारची सिस्टर मास्कच्या आत पुटपुटली, "सून झाल्यासारखं वाटत असेल तुम्हाला."

फुगलेली नळी सापडली. ती मूत्राशयापर्यंत मोकळी झाली. अरुंद भाग दिसला, पांढरा आणि कडक. सर्जनने नळी त्याच्या वर कापली, लघवीची धार पडद्यावर दिसली आणि सभागृहात कोणीतरी समाधानाने हुंकार दिला. मूत्राशय सैल करून वर आणला, तो नळीच्या टोकापर्यंत सहज पोचला. आता शिवायचं तेवढं राहिलं होतं.

आणि गाठ वाटेत आली नव्हती.

ती खाली होती. कॅमेरा थोडा कलला तेव्हा ती जागा दिसली: मोठ्या शिरेवर पसरलेला व्रणाचा पांढरा पट्टा, बोटभर रुंद. त्याच्या कडेने शीर निळी दिसत होती आणि श्वासाबरोबर फुगत, ओसरत होती. त्या पट्ट्याखाली नळीचा जुना तुकडा आणि त्याच्या गळ्याला रेशीम. वरून काही दिसत नव्हतं. ते दिसायला हवं तर पट्टा शिरेवरून सोलावा लागणार होता. जोडणीसाठी त्याची काही गरज नव्हती. सोलताना शीर फाटली तर रक्त पडदाभर होईल, घाईने पोट उघडावं लागेल, आणि तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

"वरचं झालंय, मॅडम," कॅमेरा धरणारी हळूच म्हणाली. "सुई मागवू?"

सर्जन त्या पट्ट्याकडे बघत होती. पंधरा वर्षं ती ज्या गोष्टीपाशी पोचायला बघत होती, ती आता बोटभर अंतरावर होती, आणि तिथवर जायचा रस्ता त्या बाईच्या शिरेवरून होता. तिला जिना आठवला, थोबाडीत बसलेली आठवली, वडिलांना स्टेशनवरून फोन करून "काढलं मला" म्हणून सांगितलेलं आठवलं. आणि चष्मा काढून ठेवून विचारलेला तो प्रश्न आठवला. सर चौकशीत खोटं बोलले होते, पण तो एक प्रश्न खरा होता. आजही त्याचं उत्तर तेच होतं. ठरवायला तिला काहीच वेळ लागला नाही, आणि याचाच तिला जास्त राग आला. पट्ट्याला ती हात लावणार नव्हती.

सुई मागवायला तिने तोंड उघडलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की स्पीकर शांत आहे.

कॅमेरा खाली वळल्यापासून मोठे सर एक शब्दही बोलले नव्हते. मघापासून ज्यांना आतड्याच्या प्रत्येक वेटोळ्याबद्दल काही सांगायचं होतं, ते आता गप्प होते. समोर होता तो शस्त्रक्रियेतला सगळ्यात धोक्याचा भाग, आणि तिथेच त्यांना काही सुचवायचं नव्हतं.

तिने कात्री आत घेतली. दांडीच्या टोकाची दोन्ही पाती मिटलेली ठेवली. मिटलेली कात्री बोथट असते. तिने फार तर ढकलता येतं. टोक तिने पांढऱ्या पट्ट्याच्या वर आणून थांबवलं, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून.

"खाली जुना चिकटलेला भाग आहे," ती माईकमध्ये म्हणाली. "तोही मोकळा करून घेते."

पडद्यावरचं चित्र किंचित हललं. कॅमेरा धरणारीचा हात कधी हलत नसे. भूलतज्ज्ञाने यंत्रावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

स्पीकरमधून दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला. "त्याची गरज आहे का, मॅडम?"

"काम अर्धवट नको," ती म्हणाली. "सरांचीच शिकवण आहे."

ती थांबली. घाई करण्यासारखं काही नव्हतं. रुग्णाची नाडी ठीक होती, रक्त कुठे येत नव्हतं. तिचं मनगट स्थिर होतं. सर आत्ता पहिल्या रांगेसमोरच्या टेबलापाशी, हात मांडीवर ठेवून बसले असतील, हे तिला न बघता दिसत होतं. त्यांची बोटं आपोआप हलत असतील. दुसऱ्याच्या हातून चूक होताना बघून त्यांची बोटं नेहमी हलत.

तिने टोक केसभर पुढे नेलं.

"अगं, थांब."

"बोला, सर."

"तिथे नको जाऊस. वर शिवून बाहेर ये."

"पट्टा साधाच दिसतोय, सर. एका फटक्यात सुटेल."

"साधा नाहीये तो! मागे घे. कात्री मागे घे आधी!" खर्जातला आवाज चिरकला. "त्याच्या खाली माझी गाठ आहे. दुहेरी रेशीम. शिरेची भिंत धरून बसलीये ती, तेव्हा रक्तात मला काही दिसत नव्हतं. ओढलंस तर शीर फाटेल. मरेल ती बाई, ऐकतेस ना तू? मरेल!"

त्यानंतर स्पीकरमधून फक्त यंत्राची घरघर येत राहिली. सभागृहात काही शे माणसं होती. त्यातली निम्मी तरी त्यांच्या हाताखाली शिकलेली होती आणि त्यांच्या चिमट्याचे फटके खाल्लेली होती.

सर्जनने कात्री मागे घेतली आणि सिस्टरच्या हातात दिली.

"धन्यवाद, सर," ती म्हणाली. "वेळेवर सांगितलंत. आता वरची जोडणी करते. सुई द्या, सिस्टर."

पुढचं काम तिने नेहमीसारखं केलं. नळीचं टोक मूत्राशयाला बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडलं, आतून मऊ नळी घातली, मूत्राशयात पाणी भरून कुठे गळत नाही ना ते बघितलं. एकही टाका तिला पुन्हा घ्यावा लागला नाही. मध्येच कधीतरी माईकपाशी दुसरं कोणीतरी येऊन बसलं आणि अडखळत प्रश्न विचारू लागलं. दुपारी सत्काराची वेळ आली तेव्हा मंचावरची मधली खुर्ची रिकामी होती. संयोजकाने सरांची तब्येत बरी नसल्याचं सांगितलं. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"पीळ गेला का?" कपडे बदलताना भूलतज्ज्ञाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर रुग्णालयात आले. त्यांनी तिला निरोप पाठवला नाही, सरळ वॉर्डमध्ये गेले. ती तिथे पोचली तेव्हा ते बसवालीच्या पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. नणंद संत्रं सोलता सोलता थांबली होती.

"ती गाठ माझी होती," सर म्हणत होते. "हिची नव्हती. तुम्हाला सांगायला हवं होतं."

बसवालीने उशीवर नीट टेकून घेतलं. "हो का? मी तर इतकी वर्षं हिला शिव्या देत होते. दर वळणाला एक. आता त्या सगळ्या तुमच्या नावावर करायच्या म्हणजे मला किती काम! आणि टाके दुखतात, जोरात बोलता येत नाही."

"वहिनी, असू दे," नणंद म्हणाली.

"असू दे कसं? बरी होऊ दे मला, मग बघते यांना. बसच्या थांब्यावर भेटा म्हणावं." मग तिची नजर सर्जनवर गेली. "आणि तू! माझ्या पोटाबाहेर भांडा म्हटलं होतं ना? सकाळपासून इथल्या सिस्टर सांगतायत मला, एकीचं एक, दुसरीचं दुसरं. पण कात्री तिथे धरली होतीस, हे सगळ्यांच्यात सारखं आहे."

"काही कापलं नाही, ताई."

"प्रवासी आत, आणि तू गाडी मधेच उभी करून खिडकीतून भांडलीस."

"हो," सर्जन म्हणाली.

"बरं झालं जिन्यात एक ठेवून दिली होती ते. वाया गेली नाही." बसवालीने संत्र्याच्या फोडीसाठी हात पुढे केला. "जोडलंयस नीट ना?"

"नीट जोडलंय."

"मग जा आता दोघंही. मला झोपू दे."

व्हरांड्यातून सर आणि ती लिफ्टपर्यंत बरोबर चालले. सर सावकाश चालत होते. लिफ्टपाशी ते थांबले.

"मी राजीनामे पाठवलेत. सगळ्या समित्यांचे," ते म्हणाले. "तुला तेच हवं होतं ना?"

"मला तुमच्या तोंडून ते ऐकायचं होतं. बाकीचं तुमचं तुम्ही केलंत."

"तू मुद्दाम मला माईकपाशी बसवलंस."

"हो."

सरांनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. उलट चेहऱ्यावर एक प्रकारची सुटका होती, आणि ती तिला बघवत नव्हती.

"रात्रभर विचार करत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, सगळं गेलं ते गेलं. पण अगदी शेवटच्या क्षणी तोंड उघडलं आणि ती बाई वाचली. गप्प बसलो असतो तर तू कापलं असतंस. तेव्हा चूक केली, पण काल तरी मी तिला वाचवलं. तेवढं एक मला पुरेसं आहे, अगं."

हे ती ऐकून सोडून देऊ शकली असती. म्हातारा माणूस, सगळं गमावलेला, एवढीशी गोष्ट मुठीत घेऊन घरी निघालेला. तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं.

"कात्री मिटलेली होती, सर."

"काय?"

"पाती मिटलेली होती. पूर्ण वेळ. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. दुर्बिणीचं काम करणारा कोणीही ओळखतो, मिटलेल्या कात्रीने कोणी कापायला जात नाही. सभागृहात मागच्या रांगेतल्यांनाही दिसलं असणार. तुम्ही काठ्या कधी हातात घेतल्या नाहीत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

"म्हणजे मी बोललो नसतो तर…"

"तर मी कात्री मागे घेतली असती आणि वर शिवून बाहेर आले असते. तुम्ही म्हणालात तसंच."

"आणि त्या बाईला…"

"काहीही झालं नसतं."

सरांनी चष्मा काढला. तो ठेवायला तिथे टेबल नव्हतं, म्हणून तो त्यांच्या हातातच राहिला. तिने पुढे होऊन त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं आणि राउंड पूर्ण करायला परत वॉर्डकडे वळली.